परसदाराचा नकाशा

गेंटमधल्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरापाठी
असा एक चौकोन आहे: चार मीटर रुंद, साडेपाच लांब,
तीन बाजूंनी विटा, वर मावेल तेवढंच आभाळ.
अकरा वर्षं आम्ही तिथे फक्त वस्तू ठेवायला गेलो.
परत आणायला कुणी गेलं नाही.

हवा गेलेली सायकल, तिच्या टोपलीत
बर्चचं वीतभर रोप, आपणहून आलेलं.
प्लॅस्टिकची खुर्ची, जी कधीकाळी पांढरी होती.
फरश्यांच्या सांध्यांत शेवाळ,
आणि मधोमध, जिथे जमीन दमल्यासारखी खचलीय,
कायमचं एक डबकं. कबुतरं ते स्वतःचं समजतात.

वानेसने चौकटींचा कागद आणला.
एक चौकट म्हणजे पंचवीस सेंटिमीटर.
ट्राम चालवणारा माणूस, त्याला रेषा सरळ लागते.
त्याने लाकडी ओटा काढला, मांडव काढला,
मांडवाला दिवे, दिव्यांना बटण,
आणि कोपऱ्यात, मी हसू नये म्हणून अगदी बारीक,
एक कारंजं.
"किती?" मी विचारलं.
आकडा त्याने कागदाच्या मागे लिहिला होता.

मी खडू घेतला.
एप्रिलच्या एका उघड्या रविवारी दर अर्ध्या तासाला
उन्हाची कड फरशीवर आखत गेले.
दोन वाजून दहाला ऊन भिंतीवरून उतरतं,
सायकलला शिवतं, डबक्यात थोडं रेंगाळतं,
चारला सेवीमच्या अंजिराआड.
दोन तासांना दहा मिनिटं कमी, एवढंच आमच्या वाट्याचं.
वानेसचा मांडव नेमका त्यावरच येत होता.
सांगितलं, तर म्हणाला, बघू.
रात्री पाऊस पडला. माझा पुरावा गटारात गेला.

मग आठ दिवस कागद फ्रिजवर.
तो काढायचा, मी खोडायची,
एका जागी तर पलीकडचं दार दिसायला लागलं.

शनिवारी पहार.
आधी उतार नीट करायचा, एवढ्यावर एकमत होतं.
फरश्या त्याच्या वडिलांनी बसवलेल्या. ओदिलोन,
कुठलंही काम एकदाच करायचे आणि त्याबद्दल बोलायचे नाहीत.
तिसरी फरशी उचलली तेव्हा पहारीला माती नाही,
लोखंड लागलं.
झाकण. कडी गंजून झाकणातच मुरलेली.
दोघांनी मिळून एक, दोन, तीन,
आणखी एकदा तीन,
आणि वर आला तो वास:
थंड, जुना, कौलांवरून उतरलेल्या कितीतरी पावसांचा.
खाली पाणी. त्यात वानेसचं डोकं, माझं डोकं,
मध्ये चतकोर आभाळ.

"मी इथे चेंडू खेळलोय," तो म्हणाला.
आवाज खाली गेला आणि जरा जाड होऊन परत आला.

तेवढ्यात पाणी हललं.
आम्ही काही टाकलं नव्हतं.
डोकी लांबली, तुटली, परत जुळली,
आणि भिंतीपलीकडे करकर, करकर,
सेवीमचा हातपंप, टोमॅटोंची वेळ.

मी स्टुलावर चढले. "सेवीम, ही टाकी..."
"अर्धी तुमची," ती म्हणाली, दांडा न थांबवता.
"तुमचे सासरे दर मे महिन्यात भिंतीवरून विचारायचे,
यंदा पाणी कुठवर आहे म्हणून.
मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

वानेस बराच वेळ झाकणाच्या कडेला बसून राहिला.
पहार त्याच्या मांडीवर.

कागद अजून फ्रिजवर आहे.
ओटा गेला. कारंजं त्याने स्वतःच खोडलं, एकदाच,
आणि त्याबद्दल बोलला नाही.
डबक्याच्या जागी आता एक गोल, शेजारी बारीक अक्षरात:
जुना पंप कुठे मिळतो, सेवीमला विचारणे.
मांडवाचं भांडण चालू आहे.
म्हणे, द्राक्षाचा वेल चढवू, एप्रिलमध्ये पानंच नसतात.
आणि जुलैत?
जुलैत तूच सावली मागशील.

खुर्ची मी घासली. पांढरी नाही झाली.
दोन वाजून दहाला तिच्यावर बसते,
बर्चला अजून कुंडी मिळालेली नाही,
आणि पायांखाली, अंधारात,
पलीकडचं कुणीतरी आमचं पाणी हलवतं.