पुढे पाहा, पान ११२

मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटोपले
की जी पिवळी धूळ खाली बसते
ती कॉम्प्युटरवरही बसते,
म्हणून श्रेणिकशेठनी त्याला टॉवेल पांघरलाय.
रोज सकाळी तो टॉवेल मी काढतो.
तेवढंच मला नीट येतं.

मार्चअखेरीला यंत्र रेंगाळायला लागलं.
तासगावचं बेदाण्याचं एक खातं उघडेपर्यंत
चहा येऊन गार व्हायचा.
क्लासमधली शबाना मुजावर आली,
माझ्या धाकटीच्या वयाची,
खुर्चीला न टेकताच म्हणाली,
"काका, डिफ्रॅग कधी केलंय?"
म्हटलं, शेठ करत असतील.

ती हसली नाही.
फळीवरनं जुनी खतावणी ओढली,
माझ्याच हातची,
आणि मगदूमांचं पान काढलं.
पान गच्च. तळाला माझं बारीक अक्षर:
पुढे पाहा, पान ११२.
एकशेबारावर अर्धे मगदूम, मग
पुढे पाहा, पान २०७.
दोनशेसातवर उरलेल्या तीन ओळी
आणि लगेच खाली वाळव्याचं कुणीतरी,
त्यांनाही जागा हवीच होती.
"हे बघा," ती म्हणाली, "यंत्र तुमच्यासारखंच लिहितं.
कोरं सापडेल तिथं.
आणि वाचायला घेतलं की
बोट ओलं करून पानं उलटत बसतं."

त्याच्या पोटातली कुरकुर
मी वर्षभर ऐकत होतो.
पानं उलटतंय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

"दुकान बंद झाल्यावर लावा. मध्ये हात लावू नका.
आणि लाईट गेली तर..."
तिनं वाक्य सोडलं, यूपीएसच्या डब्याकडे बघितलं.

सातला शटर अर्ध्यावर ओढलं.
पडद्यावर निळे चौकोन, ओळीनं, शेकड्यांनी.
एक उचलायचा, बाजूला ठेवायचा,
दुसरा त्याच्या जागी, मग पहिला त्याच्यामागं.
भरल्या गोदामात थप्पी हलवायची
तर आधी एक कोपरा मोकळा लागतो,
हे आमच्या भैरू वायदंडेला कुठल्या क्लासात शिकवलं होतं?

काही चौकोनांवर लाल ठिपका. ते हलत नाहीत.
शेठच्या वडिलांचा फोटोही
रंगकामाला कुणी हलवत नाही.

अकरा टक्के झाले.
सवयीनं मी हमालीची बेरीज करायला
त्यातलंच कॅल्क्युलेटर उघडलं.
झालं. पुन्हा शून्य. पहिल्यापासून.
घरी फोन केला, उशीर होईल.
"काय करताय?"
"बघतोय."

हात मांडीखाली घेऊन बसलो मग,
शाळेत बसायचो तसा.
बाहेर ट्रक लागत होते, सुटत होते.
एका ट्रकवाल्यानं शटरखालून डोकं घातलं,
"दिवाणजी, पिक्चर लागलाय काय?"

सकाळी मगदूम एका टिचकीत उघडले.
शबानाला विचारलं, जागा किती वाढली?
"काही नाही वाढली, काका.
होती तेवढीच आहे.
चुरा होऊन सगळीकडे सांडली होती,
आता एकीकडे आलीय."

खरं सांगायचं तर फसल्यासारखं झालं.
रात्र घालवली, आणि वाढली काही नाही.

पण दिवसभर ते बोचत राहिलं.
काट्यावर गाडीची वाट बघतानाची दहा मिनिटं.
डबा धुऊन आल्यावरची पाच.
शेठ देवळातनं येईपर्यंतची.
बत्तीस वर्षं असलं कोरं
कुणाच्या ना कुणाच्या ओळींमध्ये पडलेलं.

शेठना म्हटलं, मंगळवारी येत नाही.
"लग्न आहे का कुणाचं?"
नाही.
"दवाखाना?"
नाही.
टॉवेल झटकला, पिवळं उडालं, शेठ शिंकले.
"कृष्णेवर जाऊन बसणार आहे," म्हटलं.
"एक दिवस सलग.
मध्ये कुणी हात लावू नका."