दोन अर्थ, एक बोल्ट

भोसरीत, गवळीमाथ्याच्या मागच्या शेडमध्ये
रात्री साडेबाराला मी एक तार तोडते.
याचाच मला पगार.

समोर स्टँडवर स्टिअरिंगची मोटर.
ड्रायव्हरचे हात आणि पुढची चाकं
यांच्यामध्ये आता लोखंडी दांडा नाही,
नुसता निरोप आहे.
निरोप पोचला नाही तर गाडी सरळ जाते
आणि रस्ता वळतो.

म्हणून मोटरच्या पोटात दोन संसार मांडलेत.
तीन फेज इकडे, तीन फेज तिकडे,
इन्व्हर्टर वेगळे, बॅटऱ्या वेगळ्या.
फुगेबाईंनी हातानं भरलेली वेटोळी
आता एका खाचेत शेजारी नाहीत. आधी होती.
एकीला ताप आला की दुसरीला चढायचा.
"जावाजावांना वेगळी चूल द्या," बाई म्हणाल्या,
आणि ड्रॉइंगची नवी आवृत्ती निघाली.

तार तुटते.
करंट धडपडतो, सावरतो,
चार मिलिसेकंदांत मेलेली बाजू वेगळी काढली जाते,
उरलेल्या तिघी ओझं अंगावर घेतात.
चाक जड होतं. ऐकतं मात्र.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा:
घरी जा, सावकाश जा.

दोनशे अकरा वेळा तोडलं.
दोनशे अकरा वेळा सावरलं.
साहेबांनी पेढे सांगितले.

तेव्हा तीन आठवड्यांपूर्वी आलेला आयटीआयचा पोरगा,
प्रज्योत तापकीर, मोबाइलचा टॉर्च लावून
स्टँडखाली शिरला, आणि आतूनच म्हणाला,
"मॅडम, दोन्ही अर्थ एकाच बोल्टला का?"

शेडमध्ये फक्त कूलरचा आवाज.
दोन संसार, सहा फेज, तीन सेन्सर,
एकमेकांवर मुळीच विश्वास न ठेवणारे दोन प्रोसेसर,
आणि सगळ्यांचे पाय
आठ एमएमच्या एका बोल्टवर.

तेराच्या पान्यानं मी तो सैल केला.
मोटर गप्प झाली.
दोन्हीकडची, एकदमच.
दिवासुद्धा लागला नाही.

पेढे आलेच होते. आम्ही ते खाल्ले,
पेढ्यांचा काय दोष.

सकाळी सहाला बायपासनं आंबेगावला, घरी.
नवले पुलाच्या पुढं मी चढ चढत असते,
दुभाजकापलीकडून मालाचे ट्रक उतरत येतात,
न्यूट्रलवर, डिझेल वाचवत,
आणि मला आठवत राहतात ते बोल्ट
जे मी पाहिलेलेच नाहीत.

सोसायटीच्या फाटकाशी स्कूटर थांबवते.
उजव्या हाताशी एक ब्रेक, डाव्या हाताशी एक,
दोन तारा, दोन वाटांनी गेलेल्या.
सतरा वर्षं दाबतेय, कधी विचार केला नाही.
आज वॉचमनसमोर गुडघे टेकून, खाली वाकून पाहिलं
कुठं एकत्र येतात का.