रंग उरेल तो ग्रह

वडगावात वडिलांची वाचनालयवजा टपरी होती.
पुस्तक दिवसाला दहा पैसे, फाडलं तर सव्वा रुपया,
आणि वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचू नये अशी,
अंतराळातली चाळीस-पंचेचाळीस पुस्तकं.
लिहिणारे कडोलकर, पोस्टातले कारकून.
छापणारा खडेबाजारातला,
लग्नपत्रिकांतून उरलेल्या कागदावर.
मुखपृष्ठं टोपाण्णा पेंटरची.

टोपाण्णाचा मूळ धंदा बोर्डांचा:
पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, ट्रकमागची पुण्याई.
त्याचं खगोलशास्त्र सोपं होतं.
डब्यात रंग उरेल तो ग्रह.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तांबडा उरला, मंगळ.
शाळेच्या फाटकाचा पिवळा उरला, शुक्र.
एकदा दवाखाना रंगवून निळा उरला
तर कडोलकरांना अख्खी कादंबरी
नेपच्यूनवर हलवावी लागली.
नायक तोवर बुधावर पोचला होता, घामाघूम.
सातव्या प्रकरणापासून त्याला एकदम थंडी वाजते.
कारण देत नाहीत कडोलकर.

यान म्हणजे उद्यमबागेतला पाण्याचा पंप, उभा केलेला.
मेहुणा लुमाण्णा फाउंड्रीत होता,
त्यामुळे नटबोल्ट बिनचूक.
बाकी यानाला खिडकी आहे, खिडकीला गज आहेत,
गजावर बनियन वाळत घातलाय.
शेपटीजवळ, हाताच्या सवयीनं, ‘हॉर्न द्या’.
प्रकाशाच्या वेगानं निघालेल्याला
मागून कोण हॉर्न देणार, देव जाणे.

बाई असायचीच.
कडोलकरांच्या सबंध आकाशगंगेत बाई नाही
(एक आत्या आहे, ती पत्र पाठवते),
तरी मुखपृष्ठावर बाई:
शहापुरी लुगडं, डोक्यावर
गोळ्यांची काचेची बरणी, पालथी,
गळ्याशी झाकणाच्या आट्या स्पष्ट.
पाय अनवाणी, जोडव्यांसकट,
कारण बूट त्याला जमत नसत.
बरणीच्या आत अंबाड्यावर अबोली, टवटवीत.
हवा कुठून येते विचारू नये.

परग्रहावरचा माणूस हिरवा, तीन डोळ्यांचा,
चेहरा हुबेहूब घरपट्टी वसूल करणाऱ्याचा.
तिसरा डोळा सोडून, म्हटलं मी.
टोपाण्णा म्हणाला, त्यालाही आहे. टोपीखाली.

मी सातवीत, विज्ञानात पंचाहत्तर मार्क.
म्हटलं, टोपाण्णामामा, मंगळाला चंद्र दोन,
तुम्ही पाच काढलेत.
ब्रश दातात धरून तो म्हणाला,
“तू जाऊन आलास काय रे?”
“नाही.”
“मी बी नाही. मग वाद कशाला घालतोस की.
त्यातले तीन चहाच्या कपाचे आहेत.
पुसाय गेलो तर बाई बी जाती.”

पण एक गोष्ट प्रत्येक चित्रात, खाली डाव्या हाताला.
मैलाचा दगड. पिवळं डोकं, पांढरं अंग.
बेळगाव चौदा कोटी.
एका पुस्तकात कन्नड वर, मराठी खाली,
पुढच्यात मराठी वर, कन्नड खाली.
अक्षरांची उंची सुतळीनं मोजलेली.
बाईचा एक हात दुसऱ्याहून वीतभर लांब चालायचा,
इथं केसभर इकडचं तिकडं नाही.
“बोर्ड लिहून शिकलोय,” म्हणायचा,
“फुटलेल्या काचा कुणी भरून देत नाही.”

परवा टीव्हीवर खऱ्या मंगळाचे फोटो दाखवले.
दगड, माती, पुन्हा दगड,
खानापूर रोडला खडी टाकून कंत्राटदार पळून जातो तसं.
रंग मात्र अगदी ट्रॉलीचा.
मी चष्मा पुसून
खाली डाव्या कोपऱ्यात बघत राहिलो.
नात म्हणाली, आजोबा, काय शोधताय?
म्हटलं, काही नाही,
बनियन.