गुरुवार, तीन ते पाच

गणेशपेठेतल्या फ्लॅट नंबर तीनच्या छताला
एक कडी आहे, बिल्डरनं दोनदा रंगवलेली.
तिथून दोनशेचा बल्ब लोंबायचा
बरोबर कॅरमच्या मधोमध,
आणि भोंगा झाला की जॉबर, फिटर, मुनशी
राणीसाठी भांडायचे.
हात पांढरे. कापसानं की बोरिक पावडरीनं,
कोण विचारतंय.

बायकांना गुरुवारी, तीन ते पाच.
रजिस्टरात आईची सही आहे, अनसूया बोरकुटे,
टे बाहेर गेलेला.
ती रिबाउंडनं राणी घ्यायची, कव्हरसकट.
नायडूबाई बाकावरून ओरडायच्या, "अवं माय!"
घनश्याम चौकीदार
घड्याळाकडे नाही, तिच्या बोटाकडे बघत
पाचाची किल्ली सव्वापाचला वाजवायचा.

मग मिलचा भोंगाच बंद पडला.
बॅडमिंटनच्या जाळीत चिमणीनं घर केलं.
शेवटच्या सभेला सात जण,
त्यातले तीन कूलरसाठी आलेले.
ठराव मंजूर.

सभासदांच्या वारसांना सवलत नव्हती.
मी पूर्ण किंमत दिली, अजून देतेय.
बिल्डर म्हणाला, ताई, फॉल्स सीलिंग टाकतो,
कडी दिसणार नाही.
म्हटलं, राहू दे ना बापा.

तिच्याखाली आता ओटा आहे.
कणीक मळता मळता
सांडलेला एक वाटाणा
मी टिचकीनं सिंककडे मारते. भिंतीला लागून.
हुकतो.

मनगट नाही गं,
बोट.