राजाचं गवत

लांबून टेकड्याच वाटतात.
जवळ गेलं की पाटी: थडगं क्रमांक अमुक.
राजाचं नाव ग्योंगजूत कुणालाच ठाऊक नाही.

कंबरेला दोर बांधून पिल-ग्यू
माथ्यावरून यंत्र घरघरवत उतरतो,
न्हाव्यानं डोई करावी तसा.

या दोन उंचवट्यांमध्येच त्याचं घर होतं.
भाताच्या पोत्यावर बसून घसरायचा इथून
आणि आई ओरडायची,
"मेल्या, पोट आहे ते कुणाचं तरी!"

घर उठवलं. पर्सिमनचं झाड तेवढं राहिलं.

आत काय असेल हो?
"दगड. सोनं."
मग घाम पुसत, "ओल."

चुसॉकचा सण चार दिवसांवर आलाय.
तिकडं डोंगरात, बापाच्या मातीवर
गवत गुडघ्याला लागतंय म्हणे.

आज पुन्हा राजाचंच कापलं.