पावती

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
मी दुकानाचं शटर अर्धंच वर ठेवते.
कोपरखैरणे, पाण्याच्या टाकीसमोर.
एका पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.
माहिती अधिकाराचे अर्ज माझ्या काचेवर पालथे झोपतात,
उजेड त्यांच्या पोटाखालून सरकतो,
आणि मी काही वाचत नाही
असं मी सगळ्यांना सांगते.

कुणीतरी हिणवून 'पावती मंडळ' म्हणालं आम्हाला.
आम्ही तेच नाव फळ्यावर लिहून टाकलं.

सभा सुरू होते आमच्याच हिशेबानं.
चहा, तीनशे चाळीस. दोन फावडी भाड्यानं, शंभर.
सुतळी घरची. बिस्किटं केणी काकूंची,
त्या म्हणतात लिहू नका, आम्ही लिहितो.
पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी,
पाठीवर कागद: अभियंता साहेब.
आठवा महिना. कागद तोच आहे,
चिकटपट्टी तेवढी दरवेळी नवी.

आजचा विषय नाला.
पावसाळ्याआधीच्या सफाईचं बिल
मीच मोठं करून भिंतीला लावलंय:
मजूर सहा, दिवस तीन,
गाळाच्या गोण्या दोन हजार दोनशे.
खाली सही, पेन घसरलं असावं अशी.

सर्जेराव शेडगे उठले.
बेचाळीस वर्षं मार्केटात पाठीवर
कांदा, बटाटा, साखर.
गोणी नुसती बघून किलो सांगणारा माणूस.
म्हणाले, "बोलून काय हुणार? भरून बघू."

मग टाकीखालची सगळी सभा चालत नाल्यावर.
व्यायामशाळेतली चार पोरं गुडघाभर आत,
वरून मुली मोजतायत, मोठ्यानं,
बारानंतर एकीचा आवाज बसला.
वासानं पांगलेली माणसं नाक दाबून परत आली.
तासाभरात एकोणीस गोण्या.
बिलाच्या वेगानं एकसष्ट व्हायला हव्या होत्या.

हशा. शिट्ट्या. कुणी व्हिडिओ काढतंय.
आणि मीसुद्धा हसतेय, फाइल छातीशी धरून,
तेवढ्यात कठड्याजवळून एकजण बोलला,
टोपी काढून, जणू कचेरीत उभा:

"त्या बिलातला मी हाव. संतुक खंदारे.
सहा न्हवतो, आमी दोघंच.
तीन दिवस न्हाई, दीड.
हातमोजे देतो म्हनले होते.
कोऱ्या कागदावर अंगठा घेतला,
पैशे अजून निम्मेच."

त्यानं तळवा दाखवला नाही.
खिशातच ठेवला.

आठ महिने आम्ही पत्रं लिहिली,
विभागाला, लेखापालाला, त्यांच्यावरच्या साहेबांना,
पोच घेतली, स्मरणपत्रं धाडली,
माझ्या यंत्राचा ड्रम दोनदा बदलला.
ज्याचा हात त्या गाळात कोपरापर्यंत गेला
त्याला एक ओळ विचारली नाही कुणी.
तो राहतो कुठं? मागच्या गल्लीत.
माझ्याकडून रेशनकार्डाची प्रत नेलीय त्यानं.

परत टाकीखाली. शेडग्यांनी खडू घेतला.
ठेकेदाराकडून येणं, अभियंत्याकडून येणं,
त्याखाली जागा सोडून लिहिलं:
आमच्याकडून राहिलं.
आणि त्यासमोर नाव, कंधारे.

"खंदारे," संतुक म्हणाला.
शेडग्यांनी तळहातानं पुसलं,
पुन्हा लिहिलं. नीट.

खुर्ची पुढे केली तर बसला नाही.
पाठीवर हात ठेवून उभा राहिला नुसता,
कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो दाबत.

रात्री त्याचा जबाब मी टंकला,
वाचून दाखवला, दोन ठिकाणी त्यानं थांबवलं.
'दीड' चं मी 'दोन' केलं होतं.
तीन प्रती. एक विभागाला, एक फायलीत,
एक त्याला, घडी न घालता, प्लास्टिकात.
पैसे काढायला लागला, मी नको म्हटलं.

वहीत मात्र लिहिलं:
प्रती तीन, रुपये सहा, माफ.
पुढच्या शनिवारी कुणी विचारलं
तर सांगता आलं पाहिजे
कुणी माफ केले, आणि का.