चादरीची टोकं

डिसेंबरात सराव झाला तेव्हा खाटेवर
उकड्या तांदळाचं पोतं निजवलं होतं आम्ही,
पन्नास किलोचं. चादरीची टोकं मुठीला गुंडाळून
व्हरांड्यातून ओढत नेलं, हसत हसत.
पोतं कण्हत नाही.

फेब्रुवारीत, रात्री दोन वीसला,
इन्व्हर्टरच्या खोलीतून जळक्या रबराचा वास.
फोनवरचा म्हणाला, बंब निघालाय बाई,
फक्त फेरीबोट ह्या धक्क्याला आहे की त्या,
तेवढं विचारून सांगतो.
दिवाडी हे बेट आहे
हे आम्हाला दिवसा आठवत नाही.

मी आणि शेवंती वेळीप. माणसं अठरा.
वाटतं, चालती फिरती आधी काढावी.
शिकवलं होतं वेगळं: आगीच्या भिंतीला लागून
जो निजलाय तो आधी, मग त्याच्या शेजारचा,
आणि रिकाम्या झालेल्या प्रत्येक खोलीचं दार
ओढून घ्यायचं मागे,
आत कुणी झोपलंय असं हळूच.

केंकरे मास्तर जड. गादीसकट खाली घेतले.
उंबरठा आला तेव्हा शेवंतीने
त्यांचं डोकं तळहातावर धरलं,
वाढलेलं ताट धरतात तसं.
माझी कवळी, ते म्हणाले.
सकाळी, मी म्हटलं.
(कवळी सापडली नंतर. पेल्यातलं पाणी
कोमट होतं.)

दिवे गेले. धूर गुडघ्यापर्यंत उतरला.
तेव्हा शाबा नार्वेकर उठले, ज्यांना
अकरा वर्षांत काही दिसलेलं नाही.
माझ्या मागे या, म्हणाले,
आणि भिंतीवर बोटं टेकवत
पाच जणांची माळ घेऊन बाहेर पडले,
रोज न्हाणीघराकडे जातात त्याच चालीने.
माळेत शेवटी दोना एर्मेलिंदा, पर्स काखेत.
तिच्या मते बोट बैराला लागली होती.
कस्टमवाले कुठे गेले, विचारत राहिली.

फणसाखाली, खुर्साजवळ, दवात बसवलं सगळ्यांना.
ब्लँकेटं नऊ. दोघांत एक.
मोजले. अठरा. पुन्हा मोजले.
मग बॅटरी दातात धरून यादी काढली,
घाईत गेल्या महिन्याची हाताला लागलेली.
बॅटरी हातात घेऊन वाचत गेले
आणि "रोझालीन फाल्कांव" तोंडातून गेलं.
मंगळवारी तर तिला मातीत ठेवून आलो.

कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग एर्मेलिंदा उठली,
बाकावरून मुलगी उठावी तशी, ताठ,
"प्रेझेंत," म्हणाली तिच्या वतीने,
आणि बसली.
मी नावापुढे खूण केली. काय करणार.

मांडवीवर तांबडा दिवा फिरताना दिसला.
बंब फेरीवर चढला होता, घंटा वाजवत,
आणि फेरी आपल्याच चालीने येत होती.

शेवंती म्हणाली, सोड आता.
बघितलं तर चादरीचं टोक अजून माझ्या मुठीत,
मास्तर दुसऱ्या टोकाला घोरताहेत.
सोडते, म्हटलं.
बोटं उघडेनात.